मोगऱ्याचे तीळ

पूर्वी काशीनगरीत ब्रह्मदत्त राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका गंध्याच्या घरी धाकट्या मुलाच्या रूपाने जन्म घेतला. त्यांचे नाव भद्रक, थोरल्या भावाचे नाव सोणक. सुगंधी तेल करणे हा घराचा पिढीजात धंदा. धुतलेल्या तिळांवर ताज्या मोगऱ्याचा थर द्यायचा, रोज फुले बदलायची आणि एकवीस दिवस भरले की ते तीळ घाण्याला लावायचे. तीळ मोठे भाबडे. शेजारी जो वास असेल तो ते आपला म्हणून घेतात. फुलांचा घेतात तसा फोडणीचाही घेतात. म्हणून वडील हे काम गावाबाहेरच्या मळ्यातल्या कोठीत करीत आणि संध्याकाळी घरी येऊन चुलीपाशी जेवत.

वडील वारले. सोणकाचे लग्न झाले. बायकोवर, तिष्येवर, त्याचा फार जीव होता. मळ्यात दिवस दिवस राहणे त्याच्या जिवावर येई. एकदा तो म्हणाला, "धंदा घरातच आणतो. म्हणजे मी सदा तुझ्या डोळ्यांसमोर." तिष्येला इतका आनंद झाला की तिने आपल्या हातांनी माजघर सारवून दिले.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, तसे पुढे झाले. तीळ माजघरात निजले की घरात चूल पेटवायची नाही, असा सोणकाने नेम केला. पहिल्या वर्षी तो एकवीस दिवसांचा होता. मग नाव झाले, मागणी वाढली. एक रास उचलली की दुसरी पसरू लागली आणि नेम बारमाही झाला. खिडक्यांच्या फटी मेणाने बुजल्या. शेजारणीच्या चुलीवर शिजलेले अन्न ओट्यावर बसून गारढोण खायचे, तेही बोलत बोलत नव्हे. सोणक दिवसभर घरातच असे, हे मात्र खरे. तिष्या हाक मारी तेव्हा त्याचे नाक तिळांत असे.

तिष्येला दिवस गेले. तिने एकदा विचारले, "अहो, बाळंतपणाला तरी आपली चूल पेटेल ना?"

"तीळ उचलले की लगेच," सोणक म्हणाला. तो तिला फसवत नव्हता. त्याला खरोखरच तसे वाटत होते.

त्याच सुमारास राजवाड्यातून राजकन्येच्या लग्नाच्या तेलाचे काम आले. तीळ पसरले, आणि चौदाव्या दिवशी तिष्या प्रसूत झाली. मुलगी झाली. सतराव्या दिवशी तिष्येला थंडी भरली. दात वाजू लागले, हातपाय बर्फ झाले. सुईण म्हातारी होती आणि फटकळ होती. ती ओट्यावर येऊन सोणकाला म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत शेगडी नाही, धुरी नाही, पोटात ऊन पेजेचा घोट नाही! ही कसली तऱ्हा रे बाबा? ओवा आणि वेखंड टाकून आत्ताच्या आत्ता धुरी दे."

"चार दिवस राहिलेत, आजी. जाड पांघरुणं घाला."

"मग शेजारी तरी ने तिला."

पण दहा दिवस बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, हा नगराचा रिवाज होता, आणि सोणकाला रिवाज मोडवेना. तिळांचा नेमही मोडवेना. सगळे नेम त्याने पाळले.

बोधिसत्त्व म्हणाले, "दादा, तीळ मळ्यात हलवू."

"अर्ध्यावर हलवले की वास उडतो. चारच दिवस, भद्रका."

थोरल्याचा शब्द म्हणून बोधिसत्त्व तो दिवस गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिष्येचे ओठ निळे दिसले. मग त्यांनी कोणालाही न विचारता शेगडी पेटवली, निखाऱ्यांवर ओवा आणि वेखंड टाकले आणि पेज चढवली.

मागीलदारी फुले निवडत असलेल्या सोणकाला धुराचा वास लागला. त्याच्यासारखे नाक काशीत नव्हते. तो हातातली परडी टाकून धावला. बाळंतिणीच्या खोलीचे दार वाटेतच होते, उघडे होते, आणि तिष्या त्याच्याकडेच पाहत होती. ती म्हणालीसुद्धा, "अहो, जरा..." तो तिथे थांबला नाही. माजघरात जाऊन तो तिळांवर ओली धोतरे पसरू लागला. चार धोतरे पसरून झाली तेव्हा त्याला तिचा आवाज आठवला.

तो आला तेव्हा बोधिसत्त्व तिला चमच्याने पेज पाजत होते. तिने दोन घोट घेतले. शेगडीवर हात धरून ती म्हणाली, "किती बरं वाटतंय." दुपार व्हायच्या आत ती गेली. मुलगी सुईणीच्या मांडीवर झोपली होती.

तिळांना धुराचा वास लागलाच होता. राजाच्या भांडाऱ्याने तेल हुंगले आणि घडा परत केला. दरबारात बोधिसत्त्व हात जोडून म्हणाले, "महाराज, धूर मी केला. दादाचा दोष नाही." ब्रह्मदत्ताने सगळे ऐकून शिक्षा केली नाही, पण काम दुसऱ्या गंध्याकडे गेले.

तेराव्यानंतर सोणकाने तिष्येची पेटी उघडली. एकेक लुगडे काढून तो नाकाशी धरू लागला. पन्नास फुले डोळे मिटून ओळखणारा तो माणूस आपल्या बायकोचा वास शोधत होता. सगळ्या लुगड्यांना मोगऱ्याचाच वास होता. तळाशी सुईणीने घडी करून ठेवलेले एकच वस्त्र निराळे निघाले. त्याला ओव्याचा धूर होता, पेजेचा वास होता, घामाचा होता, दुधाचा होता. ते तिचे शेवटच्या दिवशीचे लुगडे. ते छातीशी धरून सोणक जो रडला, तो बोधिसत्त्वांनाही आवरेना. ते लुगडे त्याने पुढे कधी धुऊ दिले नाही, आणि हळूहळू त्याचाही वास उडून गेला. बोधिसत्त्वांनी मुलीला वाढवले. त्या घरात मग रोज चूल पेटत होती.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवनात एका उपासकाला सांगितली. तो घरीच हस्तिदंताच्या फण्या करी, आणि प्रवचन ऐकतानाही मांडीवर फणी घाशीत बसला होता. कथा संपली तेव्हा त्याचा हात थांबला होता. शास्ते म्हणाले, "उपासका, तेव्हाचा सोणक तो तू. तिष्या ती ही तुझ्या शेजारी बसलेली तुझी पत्नी. भद्रक तो मीच." मग ते म्हणाले, "त्या जन्मी मी करुणेसाठी घराचा नेम मोडला, म्हणून ही करुणेची कथा. पण मलाही एक दिवस उशीर झाला होता."