गुण्या आणि फुगलेली भिंत

हत्यारं सुताराशी तोंड वर करून बोलत, त्या काळातली ही गोष्ट. रखमाजी सुतार अनसाबाईंच्या स्वयंपाकघरात फळी बसवत होता. मातीची भिंत कुठे फुगलेली, कुठे आत गेलेली. फळी टेकवली की मागे फट राही, आणि त्या फटीतून उंदीर थेट डब्यांवर उतरले असते.

काटकोन तपासायचं हत्यार म्हणजे गुण्या; त्याचं ऐकून रखमाजीने फळीची कड दोनदा सरळ कापली. फळी अरुंद झाली, फट मात्र तशीच.

“भिंतच चुकीची आहे,” गुण्या म्हणाला. “माझा काटकोन कधी चुकत नाही. पुन्हा कापा.”

“पुन्हा कापली तर डबे कशावर ठेवायचे, माझ्या डोक्यावर?” रखमाजी वैतागला. “भिंत काय तुझ्यासाठी सरळ होणार आहे?”

हत्यारांच्या पिशवीच्या तळातून दोन पायांचा कंपास म्हणाला, “मला फिरवून बघा. एक पाय भिंतीवर, पेन्सिलीचा पाय फळीवर.”

रखमाजीने तसं केलं. भिंत जशी वळली, तशी फळीवर रेघ वळत गेली.

“शी! किती वाकडी!” गुण्या ओरडला.

रखमाजीने त्याच रेघेवरून बारीक करवत चालवली, मग कानस. फळी भिंतीला अशी बसली की मध्ये कागदही जाईना. अनसाबाईंनी कडेवरून हात फिरवला आणि घाईघाईने डबे आणायला गेल्या.

“तरी सांगतो, भिंत चूकच आहे,” गुण्या पुटपुटला.

“असू दे,” रखमाजी म्हणाला. “फळीला तिच्याजवळ राहायचंय, तुझ्याजवळ नाही.”