निबंधातली आई

खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या शाळेत प्रत्येक मुलाला लॅपटॉप मिळाला आणि वर्षभरात मुलांचे निबंध असे काही सुधारले, की शिक्षण सभापती गजाननराव स्वतः कौतुकाला आले. मासळीच्या टोपल्या दाराशी ठेवून पालकसभेला बसलेल्या आयांसमोर त्यांनी जाहीर करून टाकलं, "आता सुलभाबाईंचा निबंधाचा तास हवाय कशाला? उद्यापासून बंद!"

सुलभाबाई वाद घालत बसल्या नाहीत. सातवीच्या निबंधांचा गठ्ठा त्यांनी पुढे केला. विषय होता ‘माझी आई’.

"साहेब, यातला कुठलाही एक मोठ्यानं वाचा. ज्या आईवर लिहिलाय ती उठून उभी राहील. तिचा सत्कार तुमच्याच हातून होऊ दे."

सभापतींनी खूश होऊन घसा खाकरला. "माझी आई पहाटे अंगणात सडा घालते, तुळशीला पाणी घालते आणि मंजुळ स्वरात मला उठवते..."

आया एकमेकींकडे बघू लागल्या. पहाटे तर त्या सगळ्या बंदरावर, लिलावात घसा फोडून ओरडत असतात. उठलं कुणीच नाही.

सभापती चिडले. "अरे, निबंध लिहिलाय कुणी हा?"

मागे बसलेल्या सातवीच्या सगळ्या मुलांनी हात वर केले. लॅपटॉपवरून प्रत्येकानं तोच उतरवला होता.

सुलभाबाईंनी तो कागद सभापतींच्या हातातून हळूच काढून घेतला.

"निबंध सगळ्यांचा आहे, साहेब. आई तेवढी कुणाचीच नाही. तिच्यासाठी तो तास हवाय."