जांभळ्या झग्याची चोरी

सांगा बरं, माणसानं भरवसा ठेवावा कुणावर? गळ्याची शपथ घेणाऱ्यावर? पांढऱ्या दाढीवाल्यावर? आधी एक अंजीर घ्या, वाटी मधेच ठेवतो. मी तर बुवा उन्हावर भरवसा ठेवतो. का, ते ऐका.

ग्रीकांच्या समुद्रात फायकोस नावाचं एक बेट होतं. तिथला राजा थ्रासिलोस. त्याचा उत्सवाचा झगा चोरीला गेला!

झगा साधासुधा नव्हे, जांभळा! हा रंग निघतो समुद्री गोगलगायींतून. हजारो फोडाव्यात तेव्हा एक झगा रंगतो, आणि वास असा सुटतो की गावावरून जाणारे पक्षीसुद्धा वळसा घेतात. गावकऱ्यांची नाकं मात्र कधीच निवृत्त झालेली. जांभळं वस्त्र फक्त राजानं वापरायचं, असा तिथला कायदा.

तर बात्तोस नावाच्या रंगाऱ्यानं तो झगा एका संध्याकाळी रंगाच्या हौदातून काढला, समुद्रकाठच्या कड्याखाली असलेल्या अंधाऱ्या खोलीत निथळत ठेवला आणि जेवायला घरी गेला. जेवून आला तर झगा गायब!

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्यात त्याला उभं केलं. राजा गरजला, "झगा तुझ्या ताब्यात होता, तूच चोर! तुला बिनवल्ह्याच्या होडीत बसवून समुद्रात सोडतो!"

"महाराज, मला तर वल्ह्याच्या होडीतही मळमळतं!" बात्तोस रडकुंडीला आला.

राजाशेजारी कारभारी गॉर्गोस उभा होता. गोल, गुळगुळीत माणूस. डोक्यावर गवताची रुंद टोपी, थेट कानापर्यंत ओढलेली. तो म्हणाला, "सोडाच महाराज! आजच सोडा, वारा छान आहे!"

तेवढ्यात बात्तोसची मुलगी मिर्तो पुढे झाली. "महाराज, संध्याकाळपर्यंत थांबा. चोर मी शोधते."

राजा हट्टी, त्याला खेळ सुचला. "शोध! पण कुणालाही एकसुद्धा प्रश्न विचारायचा नाही. कुणाला हात लावायचा नाही. कुणाच्या घराची झडती घ्यायची नाही. माझे दरबारी मानी आहेत!"

"बरं," मिर्तो म्हणाली. "मग आज दुपारी मी नाटक करते. साऱ्या दरबारानं यावं."

"नाटक? बाप बुडायला निघालाय आणि तुला नाटक सुचतंय?"

"माझी बकरी फार छान काम करते, महाराज."

आता बकरीचं नाटक म्हटल्यावर कोण घरी बसेल? दुपारी डोंगरउतारावरचं ते उघडं नाट्यगृह गच्च भरलं. दगडी पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या, आणि ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी. राजा नेहमी पहिल्या पायरीवर बसायचा. मिर्तो म्हणाली, "महाराजांनी आज सगळ्यांत वर बसावं. देव डोंगरमाथ्यावर बसतात, राजानं खाली बसणं शोभत नाही."

राजा खूश! वर जाऊन बसला.

बासरी वाजली. बकरी आली. डोक्यावर पानांचा मुकुट घालून ती राणीसारखी चालली, मग थांबली आणि स्वतःचाच मुकुट काढून खाऊ लागली. खालचे लोक हसून लोटपोट!

वरून राजा ओरडला, "काय झालं? का हसताय? मला टोप्यांशिवाय काही दिसत नाही! काढा त्या टोप्या!"

भराभर टोप्या उतरल्या. एकच राहिली.

"गॉर्गोस! तुझीपण!"

"महाराज, मला ऊन बाधतं."

"आणि मला तुझी टोपी बाधते! काढ!"

काढली बिचाऱ्यानं. आत चकचकीत टक्कल, जरासं पिवळट. बकरीनं मुकुट संपवला, बासरीवाल्याचा अंगरखा चघळायला घेतला. एवढ्यात लोक बकरीकडून वळून गॉर्गोसकडे बघू लागले. टक्कल हिरवट झालं होतं. मग निळसर. मग भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, ताज्या वांग्यासारखं जांभळं!

"चोर सापडला, महाराज!" मिर्तो म्हणाली. "गोगलगायीचा रस हौदातून निघतो तेव्हा पिवळा असतो. ऊन लागलं की जांभळा होतो. आमच्या खोलीतून वर यायचा कडा असा आहे की चढताना दोन्ही हातांनी दोर धरावा लागतो. ओला झगा न्यायचा तर डोक्यावरूनच!"

"खोटं!" गॉर्गोस उसळला. "मी जांभळा झगा चोरलाच नाही! मी चोरला तो पिवळा होता! घरी जाऊन बघतो तर पिवळा! परतच करणार होतो मी!"

बकरी 'में' म्हणाली.

राजानं दात-ओठ खाल्ले. "गॉर्गोस, या डोक्याचा रंग उतरेपर्यंत तू गोगलगायी फोडायच्या! बात्तोस, किती दिवसांत उतरतो हा रंग?"

"उतरत नाही, महाराज," बात्तोस नम्रपणे म्हणाला. "म्हणून तर महाग आहे."

राजा म्हणाला, "पोरी, तुझा बाप सुटला. आता बक्षीस माग!"

"केसांना बांधायला एक जांभळी फीत द्या. आजवर इतकी वस्त्रं रंगवली, अंगाला एक धागा लागला नाही."

"छे! जांभळं फक्त राजाचं! कायदा मोडू?"

मिर्तोनं हळूच गॉर्गोसकडे बोट केलं. "महाराज, कायदा मोडला की. तुमचे कारभारी आता जन्मभर जांभळं मिरवणार. चोराच्या डोक्यावर चालतं, ते चोर पकडणारीच्या डोक्यावर का नको?"

राजानं तिच्याकडे पाहिलं, त्या टकलाकडे पाहिलं, आणि असा हसला की दगडी पायरीवरून घसरून दोन पायऱ्या खाली आला! झगा गॉर्गोसच्या गादीखाली सापडला. उन्हात धरल्यावर तोही जांभळा झाला, तेव्हा राजानं आपल्या हातानं त्याचा काठ फाडून मिर्तोच्या केसांना बांधला. बकरीलाही मुकुट मिळाला. तोही तिनं खाल्ला.

गोष्ट संपली. वाटीत मोजून चौदा अंजिरं होती, त्यातली तीन माझ्या पोटात गेली. उरलेल्यांचा हिशोब तेवढा तुम्ही प्रामाणिकपणे ठेवा, बरं का!