फाटकापासून पायरीपर्यंत

“…म्हणजे परवाही कुत्रीच?”

“कुत्रीच, महाराज. चौथ्यांदा चालून गेली ओल्या सिमेंटवरून.”

सोमगिरी महाराज धुंडिराजाच्या फाटकाबाहेर उभे होते. टेकडीवरचा मठ सोडून ते सहसा खाली उतरत नसत. परंतु त्यांचा हा शिष्य सलग चार गुरुवार मठात येऊन, ध्यानाविषयी अवाक्षरही न काढता, केवळ सिमेंटविषयी बोलला होता. पाचव्या गुरुवारी सकाळी महाराजांनी काठी उचलली.

धुंडिराजाचे सारे आयुष्य भूमापन कार्यालयात, इतरांच्या जमिनी मोजण्यात गेले होते. निवृत्तीनंतर त्याने स्वतःचे घर बांधले. ते पुरे होऊन सात महिने लोटले. राहिली होती ती फाटकापासून पायरीपर्यंतची, गाडी जाईल एवढी वाट; आणि ती आत्ता, तासाभरापूर्वी, इसाक मिस्त्रीने पाचव्यांदा घोटून काढली होती. ओली, करडी, निष्कलंक.

“महाराज, आपण मागच्या दारानं यावं,” हिरवळीच्या कडेवरून धुंडिराज हात जोडून म्हणाला. “इथं ओलं आहे.”

महाराजांनी त्याच्याकडे पाहिले. मग वाटेकडे.

“कुत्रीचं एवढं काय काम तुझ्याकडे?”

“तिची पिलं आहेत. मागे, फळ्यांच्या ढिगाखाली.”

“मग जाणारच ती.”

“तिच्यासाठी कुंपणाच्या कडेनं हातभर जागा सोडली आहे, महाराज. रीतसर मोजून!”

“नोटीस लावायची राहिली, बाबा,” इसाक मिस्त्री थापी पुसत महाराजांना म्हणाला. “तेवढी लागली की ऐकेल.”

“इसाक, तू गप्प बस.”

“बसतो, साहेब. पाच वेळा बसलोय गुडघ्यांवर. सवय झालीय.”

महाराजांची नजर अंगणातून फिरली. हिरवळ दोरी लावून कापलेली. मेंदीच्या कुंपणात एक पान दुसऱ्याहून उंच नव्हते. मधोमध तुळशीवृंदावन… रिकामे.

“तुळस?”

“आईपाशी आहे. डब्यात लावली आहे तिनं. येताना आणेल.”

“आणि प्राजक्त? तिला हवा होता म्हणालास.”

“हवा होता. पण सडा पडतो, महाराज. वाटेवर डाग राहतात.”



“आई असते कुठं?”

“बहिणीकडे. इथंच, दोन गल्ल्या पलीकडे.”

“घर पाहिलं तिनं?”

“नाही… मीच म्हटलं, पुरं झाल्याशिवाय पाहायचं नाही. एक्क्याण्णव वर्षांची आहे ती, महाराज. सगळा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला. आपल्या घरात तिचं पहिलं पाऊल पडावं ते निर्दोष वाटेवर. एवढीच माझी इच्छा. आणि ती एक कुत्री…!”

“आई काय म्हणते?”

“रोज विचारायची, ‘झालं का रे, धुंडू?’”

“विचारायची?”

धुंडिराज मेंदीचे पान खुडू लागला.

“हल्ली… विचारत नाही.”

इसाकची थापी पुसून केव्हाच झाली होती. तरी तो ती पुसत राहिला.

“या घरात आजवर कोण कोण आलं, धुंडिराज?”

“कुणीही नाही. वास्तुशांत व्हायची आहे ना अजून.”

“कुणीही नाही?”

“…ती कुत्री सोडून.”

महाराजांनी खडावा काढल्या. काठी फाटकाला टेकवली. आणि ओल्या सिमेंटवर पाय ठेवला.

“महाराज!”

ते चालत राहिले. त्यांना घाई नव्हती, आणि ते जपतही नव्हते. बोटभर खोल, पाची बोटे स्पष्ट उमटवीत, एकामागून एक पाऊल पायरीपर्यंत गेले. पायरीवर बसून त्यांनी शेजारच्या बादलीत पाय धुतले.

इसाकने कपाळाला हात लावला. “सहावी खेप,” असे पुटपुटत तो थापी घेऊन वाकला.

धुंडिराजाने त्याचे मनगट धरले.

“हात लावू नकोस! गुरूंची पावलं आहेत ही!”

 त्याच्या खिशातून मोजपट्टी निघाली.

“अठरा पावलं… भोवती कठडा करू. पितळी. वर छप्पर…”

“आणि गाडी, साहेब?”

“गाडी बाहेर राहील.”

“आणि माणसं?”

“मागच्या दारानं येतील!”

महाराजांनी डोळे मिटून घेतले.

“धुंडिराज… फोड ती पावलं.”

“असं कसं म्हणता, महाराज?”

“कुत्रीची चार वेळा फोडलीस.”

“अहो, ती कुत्री होती!”

“हो. तिला आत काम होतं.”



महाराज उठले.

“इसाकभाई, थापी.”

इसाकने हिरवळीवरून जाऊन थापी त्यांच्या हाती दिली. महाराज गुडघ्यांवर बसले आणि पायरीकडून फाटकाकडे, मागे मागे सरकत, आपले एकेक पाऊल पुसू लागले. गवंड्याच्या सराईतपणे नव्हे, पण नेटाने. धुंडिराज पाहत उभा राहिला. मोजपट्टी त्याच्या हातात उघडीच होती.

पहिले पाऊल सर्वांत शेवटी पुसले गेले.

फाटकाबाहेर येऊन महाराजांनी थापी खाली ठेवली. खडावा घातल्या. काठी घेतली.

वाट पुन्हा कोरी होती.

“आता…” धुंडिराजाने मोजपट्टी मिटली. “आता मी काय करू, महाराज?”

“आईला घेऊन ये,” महाराज म्हणाले. “ओलं आहे तोवर.”