खिंडाईची जाळी

पाचकुंडीला येणाऱ्या पाहुण्यांचे कपडे फाटतात. खिंडीतून वर आलं की गावाच्या तोंडाशीच करवंदीची एक भलीमोठी जाळी आहे आणि तिच्या पोटात देवी. देवळाला कळस नाही, भिंत नाही, दार नाही. वाकून पाहावं तर काट्यांच्या मागे शेंदराचा लाल ठिपका तेवढा दिसतो. त्यात गावातल्या प्रत्येक अंगणातही अशीच एक जाळी. कोणाची ओढणी अडकते, कोणाचा सदरा. मग कोणीतरी हमखास विचारतं, "हे काटे कापत का नाही तुम्ही?"

हा प्रश्न ऐकून ऐकून गेनू आबा ढेब्यांचे कान किटले आहेत. आबा आधी पाहुण्याकडे रागाने बघतात, मग खाली दगडावर बसवतात आणि सांगायला लागतात. न ऐकता कोणाला पुढे जाता येत नाही.

फार पूर्वी, असे सांगतात, खिंडाई उघड्यावर होती. तिच्यासमोरचं अंगण आणि येसाई नावाच्या बाईचं अंगण एकच होतं. येसाई टापटिपीची. तिच्या अंगणात पान पडलं तर ते जमिनीला टेकायच्या आत ती उचलायची, असं बायका चेष्टेनं म्हणत. तिला एकच लेक होती, ठकी. एका वर्षी ठकीला ताप भरला. काढे झाले, अंगारे झाले, ताप हटेना. शेवटी येसाईने खिंडाईपुढे पदर पसरला आणि नवस बोलली, की लेक उठली तर घरच्या कोंबडीखालचा कोंबडा वाहीन.

ठकी उठली. नवस फेडायचा राहिला.

आता खिंडाईच्या कोंबड्याची रीत मोठी अवघड होती म्हणे. बाजारातला विकत आणलेला चालत नसे. तो घरच्या अंगणात उबवलेला पाहिजे, आणि दिवसाउजेडी मोकळा हिंडला पाहिजे. त्याला दोरी लावायची नाही, डालग्याखाली झाकायचा नाही. असा मोकळा वाढून तो पहिल्यांदा आरवला की मगच देवीचा. शिवाय नवसाचं अंगण स्वच्छ हवं, काडीकचरा नको, झाडझुडूप नको. सटवा गुरवाने हे सगळं बोटांवर मोजून सांगितलं. त्याच्या बापाने त्याला तसंच सांगितलं होतं.

सांगायला त्याचं काय जात होतं? खिंडीतल्या सावरीच्या झाडावर मोरघार राहत होती. मोरघार म्हणजे घारीची थोरली बहीण, डोक्यावर तुरा आणि पंजात वाढलेला कोंबडा उचलायची ताकद. येसाईच्या कोंबडीने पिल्लं काढली, ती अंगणात चिवचिवत फिरू लागली, आणि मोरघारीला घरबसल्या ताट वाढून मिळालं. रोज एक सावली अंगणावरून फिरायची आणि संध्याकाळी डालग्याखाली एक पिल्लू कमी असायचं.

येसाईने काय करायचं बाकी ठेवलं नाही. बुजगावणं उभं केलं, तर मोरघार त्याच्याच डोक्यावर बसून अंगण न्याहाळू लागली. चिंध्यांच्या माळा बांधल्या, तर त्यातली एक चिंधी ती घरट्यासाठी घेऊन गेली. कोणी म्हणालं, पिल्लांना रंग लाव, पाखरू बिचकतं. येसाईने पिल्लांना हळदकुंकू फासलं. ती पिवळी-तांबडी पिल्लं शेणाने सारवलेल्या अंगणात इतकी उठून दिसू लागली, की मोरघारीला शोधायचेही कष्ट उरले नाहीत. येसाई थाळी बडवत दिवसभर अंगणात बसू लागली. पण चुलीवरची भाकरी उलटायला आत गेली, की काम झालेलं असे.

पहिली वीण गेली. दुसऱ्या विणीतला एक कोंबडा जगला, त्याला तुरा फुटला, घसा खाकरल्यासारखा आवाजही काढू लागला. येसाईने त्याच्यासाठी झोप सोडली. उद्यापरवा आरवेल असं वाटत असतानाच तो गेला, आणि त्याच संध्याकाळी ठकीला परत कणकण आली.

सटवा गुरव म्हणाला, "नवस आडकलाय, येसे. देवी आठवण देतीय."

"आठवण देतीय? म्या इसरले कवा?" येसाई म्हणाली. "तिच्यासाठीच पाळतीय न्हवं?"

"आंगणात काय तरी खोट आसंल. त्या कडंची करवंदीची जाळी दिसती. नवसाच्या आंगणात काटं चालत न्हाईत."

ती एकच जाळी उरली होती. बाकीची झुडपं येसाईने आधीच उपटली होती. तिसऱ्या विणीची पिल्लं अंगणात उतरली त्या सकाळी तिने कोयता घेतला आणि ती जाळीही मुळापासून कापली. हात रक्ताळले. मग तिने सगळं अंगण झाडलं, सडा घातला, देवीपुढे रांगोळी काढली. असं लखलखीत अंगण पाचकुंडीत कोणी पाहिलं नव्हतं म्हणे.

दुपारी सावली फिरली. कोंबडी ओरडली. कोंबडी ओरडली की पिल्लांनी लपायचं असतं, ते त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. पिल्लं धावली. इकडे धावली, तिकडे धावली, आणि त्या झाडलेल्या अंगणात त्यांना शिरायला एक पानही मिळालं नाही. मोरघार त्या दुपारी पुन्हा पुन्हा आली. शेवटी एकच पिल्लू राहिलं, तेही येसाईने पदराखाली ओढलं म्हणून. घरात ठकीचं अंग चुलीसारखं तापलं होतं.

येसाईचं डोकं फिरलं. तिने हातातला झाडू फेकला. सकाळी कापलेल्या जाळीचे फांदे ओढत आणले आणि खिंडाईवर रचले, एकावर एक, देवी दिसेनाशी होईपर्यंत.

"घे!" ती ओरडली. "तुझं आंगण झाडून झाडून माझं कंबरडं मोडलं. कोंबडा तुलाच पायजे, आन् पाखरू बी तुझ्याच खिंडीतलं. मग देयाचा कसा, त्ये सांग की! बस आता काट्यात. तुला बी कळू दे कसं टोचतंय त्ये."

गाव हादरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गोळा झाले, सटवा गुरव पुढे. येसाईला वाळीत टाकायचं की दंड घ्यायचा यावर कालवा चालू झाला. येसाई उंबऱ्यात ठकीला मांडीवर घेऊन बसली होती. रात्रीतून देवी कोपली नव्हती, पण ताप उतरलाही नव्हता.

एवढ्यात सावली फिरली. कोंबडी ओरडली. उरलेलं ते एकटं पिल्लू माणसांच्या पायांतून सैरावैरा धावलं आणि थेट देवीवरच्या काट्यांत घुसलं. मागोमाग मोरघार आली. तिने फांद्यांवर झडप घातली, पंख काट्यांत अडकले, फडफड झाली, आणि पिसं मागे टाकून ती रिकाम्या पंजाने उडाली. आत पिल्लू देवीला चिकटून बसलं होतं. येसाईने इतक्या महिन्यांत मोरघारीला रिकामं जाताना पहिल्यांदाच पाहिलं.

सटवा गुरव काटे उपसायला वाकला. मनगटापर्यंत ओरखडे घेऊन त्याने हात मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या," म्हातारी माणसं म्हणाली. "त्यो आरवस्तवर ऱ्हाऊ द्या."

कापलेल्या फांद्या वाळायला हव्या होत्या. त्या रुजल्या, म्हणे, आणि पावसाळा सरेपर्यंत हिरव्यागार झाल्या. पिल्लू दिवसभर अंगणात मोकळं चरायचं आणि सावली दिसली की आत पळायचं. ठकीचा ताप चढत उतरत राहिला. आणि एका पहाटे जाळीच्या आतून कोंबडा आरवला.

सटवा गुरव सुरी घेऊन आला. कोंबडा काही बाहेर येईना. गुरव येसाईला म्हणाला, "काढ त्याला. नवस फेड."

"फेडला की," येसाई म्हणाली. "तिनं सोताच्या पदरात घेतलाय. तिथनं काढायचा आसंल तर तिला इचारा, मला न्हाई."

गुरवाने आपल्या मनगटाकडे पाहिलं आणि सुरी परत कमरेला खोचली. त्या दिवसापासून खिंडाईपुढे कोंबडं कापलं गेलं नाही. संध्याकाळी ठकीने भाकरी मागितली, आणि ती खाऊन आणखी मागितली. ताप पुन्हा आला नाही.

गावाला वाटलं, आता तरी येसाई देवीपुढे डोकं टेकेल. ती जाळीपुढे गेली, पण उभीच राहिली. "एवढंच करायचं व्हतं," ती म्हणाली, "तर आधी सांगाया काय झालं व्हतं? माझी येवढी पिल्लं गेली. माझी पोर जाता जाता ऱ्हायली." आणि मग ती खाली बसून इतकी रडली, की तिला उठवायला ठकीच आली.

आजही पाचकुंडीत कोणी घर बांधलं की अंगणात आधी करवंद लावतात, तुळस मागाहून. आजही पिल्लं पहिल्यांदा अंगणात सोडायच्या दिवशी घरची बाई खिंडाईला जाते, पण नारळ नेत नाही, हातही जोडत नाही. पदर खोचते, कमरेवर हात ठेवते आणि येसाईच्या हक्काने देवीला चांगलं झापते. "म्या माझी सोडली. सावरीवर ती बसलीया, तुला दिसतीया. आता लक्ष दे. एक जरी गेलं ना, तर उद्या परत येते आन् मग बघते तुझ्याकडं."