कळ्या खुडणारा साळिंदर

ओढ्याकाठच्या एका रानात एक साळिंदर राहत असे. बायको आणि दोन पिल्लं एवढाच त्याचा संसार. अंगावर भाल्यासारखे काटे, पण जीव इतकासा, की पान पडलं तरी तो दचकायचा आणि काटे ताठ उभे राहायचे. त्याच्या बिळाभोवती रताळ्याचे वेल होते. मुळात पुरात वाहून आलेला एकच वेल. पण त्याचं रताळं गुळासारखं गोड निघालं. तेव्हापासून साळिंदर त्याच वेलाचे पेरासकट तुकडे तोडून ओल्या मातीत दाबत गेला. पेराला मुळं फुटत, तुकड्याचा वेल होई आणि त्याचं रताळं हुबेहूब पहिल्यासारखंच लागे. हळूहळू बिळाभोवती सगळीकडे तोच एक वेल झाला.

आता मुलांनो, साळिंदर रात्री चरतो आणि दिवसा झोपतो. हिवाळ्यात या वेलांना जांभळट फुलं येत, आणि तीही नेमकी पहाटे उमलत. इकडे साळिंदराचा डोळा लागतो न लागतो, तोच मधमाशी गुणगुणत यायची. तो झोपेतच दचकायचा आणि काटे शेजारी निजलेल्या बायकोला टोचायचे. "माशी फुलात, आणि काटे माझ्या नाकात," ती म्हणायची. शेवटी साळिंदराने शिरस्ताच पाडला : बिळात शिरण्याआधी दिसेल ती कळी दातांनी खुडून टाकायची.

एका सकाळी मधमाशी बिळाच्या तोंडाशी येऊन म्हणाली, "दादा, एवढे काटे तुमच्या अंगावर, आणि भीती माझी?"

"भीती नव्हे, झोप," साळिंदर म्हणाला. "तुझ्या फुलांवाचून माझं काय अडलंय? तुकडा लावला की वेल येतो."

"येतो, पण तोच येतो. ओढ्यापलीकडे दुसऱ्या जातीचा वेल आहे. त्याचे पराग मी इथल्या फुलात आणले, तर बी धरेल. त्या बीचा वेल ना अगदी याच्यासारखा होईल, ना त्याच्यासारखा."

"मग कसा होईल?"

"ते मी कसं सांगू? रुजल्यावरच कळायचं."

"म्हणूनच नको. पिल्लांच्या घासावर मी जुगार खेळत नाही," असं म्हणून साळिंदर कूस बदलून झोपला.

करवंदीच्या जाळीत चढलेल्या एका वेलापर्यंत मात्र त्याला पोचता येत नसे. आत शिरलं की काटे अडकत. तेवढी फुलं राहून गेली. माशीने तिथे आपलं काम केलं. बोंडं वाळली, काळं बी खाली सांडलं आणि पावसाळ्यात रुजलं. साळिंदराने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पावसाळा सरता सरता वेलांना रोग लागला. एकाची पानं काळवंडली, मग शेजारच्याची, मग सगळ्यांचीच. एकाला जे सोसवलं नाही ते कुणालाच सोसवलं नाही, कारण ते सगळे मुळात एकच वेल होते. साळिंदराने जिथे उकरलं तिथे सडका लगदा हाती आला. पिल्लांची पोटं खपाटीला गेली. धाकटं तर उठेनासंच झालं. उकरायची राहिलेली जागा एकच होती. तेव्हा तो करवंदीच्या जाळीत घुसला. काटे मोडले, पण तो मागे फिरला नाही. आत बीपासून उगवलेले वेल होते. एक काळा पडला होता, एकाला दोरीएवढीच मुळी धरली होती. पण एक वेल हिरवागार होता, आणि त्याच्याखाली पांढरट, धट्टंकट्टं रताळं होतं. ते त्याने बिळात आणलं.

"हे गोड नाही," धाकटं चावता चावता म्हणालं.

"पण आहे तरी," त्याची आई म्हणाली. "खा."

साळिंदराने त्याच वेलाचे तुकडे बिळाभोवती लावले. रोग होता तिथेच ते तगले. थंडी पडली, वेलांना कळ्या धरल्या. साळिंदर त्यांच्यामधून चालत गेला आणि तोंड मिटून बिळात शिरला. पहाटे गुणगुण आली. तो दचकला, काटे उभे राहिले.

"खुडल्या नाहीत वाटतं," बायको म्हणाली.

"नाही."

ती जराशी लांब सरकून निजली.

तात्पर्य : हाती असलेलं चांगलं जरूर जपावं, पण जे अजून कुणी चाखलेलं नाही, त्याच्या कळ्या खुडू नयेत.