हुप्याने थुंकलेली साल

मुलांनो, सह्याद्रीच्या एका उतारावर दाट रान होते आणि त्या रानात वानरांची एक टोळी राहत असे. टोळीचा म्होरक्या होता एक दांडगा हुप्या. टोळीची रीत अशी, की नवे पान किंवा नवे फळ दिसले की आधी हुप्याने चावून बघायचे. त्याने गिळले तर सगळ्यांनी खायचे, त्याने थुंकले तर कुणी हात लावायचा नाही. रीत तशी शहाणपणाची, पण तिच्यात एक घोटाळा होता. सगळ्या रानाची परीक्षा एकट्या हुप्याची जीभ घेत होती, आणि हुप्याला गोड खायची भारी हौस. कुड्याच्या झाडाची साल त्याने एकदाच चावली, तोंड वेंगाडले, थू थू केले, आणि त्या दिवसापासून कुडा टोळीला बंद झाला.

एका उन्हाळ्यात झरा आटला आणि वानरे डबक्यातले गढूळ पाणी पिऊ लागली. थोरांनी ते पचवले, पिल्लांना मात्र हगवण लागली. एका वानरिणीचे पिल्लू तर इतके गळून गेले, की आईच्या पोटाला धरून राहण्याइतकेही बळ त्याच्या हातांत उरले नाही. टोळीला चालणारे प्रत्येक पान चघळून तिने त्याला भरवले. कशाचाच उपयोग झाला नाही. हुप्या म्हणाला, "जाऊ दे आता. नशिबात असेल ते होईल." हे ऐकून वानरीण अशी संतापली, की पिल्लाला छातीशी धरून तडक कुड्याखाली जाऊन बसली.

"कुडेदादा, तुझ्या सालीत एवढं कडू काय आहे?" तिने विचारले.

कुडा पांढऱ्या फुलांनी लगडला होता आणि चांगलाच तोऱ्यात होता. "मला शिंगं नाहीत, पळायला पाय नाहीत," तो म्हणाला. "म्हणून काय येईल त्याला खाऊ देऊ? मला कुरतडायला येणाऱ्यांसाठी हे विष मी स्वतः तयार केलंय. अळी असो की हुप्या, मी कुणाची भीड ठेवत नाही."

वानरीण विचारात पडली. पिल्लाच्या पोटातही कुरतडणारेच तर बसले होते. "मग माझ्या पिल्लाच्या पोटात कुरतडणारे बसलेत, त्यांनाही हे बाधेल?"

"बाधेल. पण तुझं पिल्लू कोणतं आणि त्याचा शत्रू कोणता, हे माझ्या विषाला कळत नाही. ते तुला कळायला हवं. चिमूटभर साल दिलीस तर शत्रू मरतील, मूठभर दिलीस तर पिल्लू जाईल."

तिने सालीचा एक तुकडा काढून तोंडात टाकला, तोच समोर हुप्या येऊन उभा राहिला. "थुंक ते," तो गुरगुरला. "टोळीत राहायचं असेल तर थुंक."

वानरिणीचे तोंड कडूजहर झाले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण ती थुंकली नाही. "तुमच्या जिभेला नको होतं म्हणून तुम्ही थुंकलात," ती म्हणाली. "माझ्या पिल्लाचं दुखणं जिभेचं नाही, पोटाचं आहे." आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिने चिमूटभर लगदा पिल्लाच्या तोंडात घातला. हुप्याने तिला टोळीबाहेर काढले. ती कुड्याखालीच राहिली, रोज तेवढाच लगदा देत राहिली, आणि हळूहळू हगवण थांबली. एका सकाळी पिल्लाने जोर लावून आईचा कान ओढला, तेव्हा तिला रडू आवरेना.

मग काय, बाकीच्या आयाही आपापली पिल्ले घेऊन चोरून येऊ लागल्या. हुप्याच्या पोटात दुखू लागले. तो टोळी घेऊन कुड्याखाली आला आणि सगळ्यांसमोर गरजला, "आजपासून कुडा टोळीला चालेल. मी खाईन तेवढा सगळ्यांनी खायचा." सवयीने सगळ्यांचे हात सालीकडे गेले. वानरीण झाडाला पाठ लावून आडवी उभी राहिली. "आजारी पिल्लाला चिमूटभर, बाकी कुणी हात लावायचा नाही. झाडच सोलून काढलंत तर उद्या पिल्लांना काय देणार?"

हात मागे गेले. हुप्याने मात्र ऐटीत वर चढून मूठभर साल ओरबाडली आणि गिळली. थोड्याच वेळात त्याला भोवळ आली, तो फांदीवरून खाली कोसळला आणि दिवसभर ओकत पडला. (म्हणून सांगतो, रानातली साल दिसली की तोंडात घालायला धावू नका.) वानरीण त्याला पाणी पाजत होती, तेव्हा तो कण्हत म्हणाला, "टोळीसमोर तू माझा मान राखायला हवा होता."

"तुमचा मान राखला असता," वानरीण म्हणाली, "तर पिल्लू राखता आलं नसतं."

तात्पर्य : कडू लागले म्हणून ते टाकाऊ ठरत नाही, आणि गुणकारी ठरले म्हणून ते वाटेल तेवढे घ्यायचे नसते; जिथे जिवाचा प्रश्न असतो तिथे मोठ्यांच्या आवडीनिवडीपुढे मान तुकवू नये.